वजीर न घेणाऱ्या इंजिनाशी झटापट: महिना चौथा

मंडळी, मागच्या नोंदीत मी छाती ठोकून लिहिलं होतं की वजीर काढून ठेवलेल्या स्टॉकफिशला, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला (यालाच इंजिन म्हणतात), आता आपण आरामात हरवतो. ते शब्द मागे घेतो. या महिन्यात 20 डाव खेळलो, सगळे 10 मिनिटांचे, मी काळ्याकडून आणि ते पांढऱ्याकडून वजिराशिवाय. 13 जिंकलो, 2 बरोबरीत गेले, 5 हरलो. सुरुवातीपासून अख्खा वजीर जास्त असताना 5 हरलो, हे घरी सांगायची सोय नाही.

त्यातला एक तर अजून डोक्यातून जात नाही. नाईट ड्युटी करून आलो होतो, झोप येईना म्हणून एक डाव टाकला. माझा राजा जी8 वर, वजीर सी8 वर, त्याचा घोडा डी5 वर मांडी घालून बसलेला, आणि माझा डी6 चा उंट गपचूप ई7 चं घर राखत होता. ई5 वर प्यादं फुकट दिसलं. मारलं उंटानं. घोडा ई7 वर, राजाला शह नि वजिरावर मारा एकदमच, आणि वजीर गेला! बरं, घोडा परत मारला, म्हणजे हिशोबानं मी अजूनही एक घोडा नि प्यादं वरच होतो, तरी पुढच्या तीसेक चालींत त्यानं मला असं काही आवळलं की शेवटी मीच हात वर केले. आणि हे सगळं मे महिन्यातल्या भुसावळात, दुपारी 45 अंश, लाईट गेलेली, फोन इतका तापलेला की भाकरी भाजली असती.

त्या रात्री ड्युटीवर जुनं काय काय वाचत बसलो. 1996 ला जगज्जेत्या कास्पारोव्हनं आयबीएमच्या डीप ब्लू कॉम्प्युटरला 4-2 नं हरवलं होतं, 1997 ला तोच 3.5-2.5 नं हरला, शेवटचा डाव तर फक्त 19 चालींचा. डीप ब्लू सेकंदाला 20 कोटी पोझिशन बघायचं, कपाटाएवढं धूड होतं ते. आणि 2009 ला ब्युनोस आयर्सच्या एका टूर्नामेंटमधे पॉकेट फ्रिट्झ 4 नावाचं इंजिन साध्या मोबाईलवर चाललं, सेकंदाला 20 हजारसुद्धा पोझिशन न बघता 10 पैकी 9.5 गुण घेऊन पहिलं आलं. म्हणजे नुसता वेग वाढला असं नाही हो, कुठल्या चाली बघायच्याच नाहीत ही अक्कल वाढली. पुढे 2020 ला स्टॉकफिशमधे न्यूरल नेटवर्क आलं आणि मग तर विषयच संपला.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो 2006 चा क्रामनिक. जर्मनीतल्या बॉनला डीप फ्रिट्झ इंजिनाशी दुसरा डाव, जगज्जेता माणूस, डाव बरा चाललेला, वजीर ई3 वर ठेवला आणि समोरून वजीर एच7 वर येऊन मात. एका चालीची मात! आपल्या पारावरच्या पोरालाही दिसली असती. माझा उंट ई5 वर गेला तेव्हा मला तोच आठवला, बाकी तुलना करू नका.

एकानं विचारलं होतं की माजी जगज्जेत्या कार्लसनचं सर्वोच्च रेटिंग 2882 आणि स्टॉकफिशचं 3600 च्या आसपास, मग फरक सरळ 700 चा का? नाही भो. इंजिनांची रेटिंग इंजिनं आपसात खेळून ठरतात, माणसांची माणसांशी. रावेरच्या काट्यावरची केळी नि जळगावच्या काट्यावरची केळी, काटे एकमेकांशी कधी ताडूनच पाहिले नाहीत तर वजाबाकी कशाची करणार? माणूस हरणार हे नक्की, किती गुणांनी ते विचारू नका.

अजून एक कळलं. स्टॉकफिशला वाटतं समोरचाही त्याच्यासारखाच अचूक खेळणार, म्हणून वजीर नसताना ते मुद्दाम सापळे लावत बसत नाही, आणि माझे 13 विजय बरेचसे त्याच्या या भोळेपणावर आहेत. मोहरी अदलाबदल करत राहायचं, बस. लीला नावाच्या दुसऱ्या इंजिनाची वजिराशिवाय खेळायला खास शिकवलेली आवृत्ती मात्र बिलंदर आहे, अदलाबदल टाळते, पट गुंतागुंतीचा ठेवते. घोडा काढलेली लीला तर ब्लिट्झमधे, म्हणजे मोजक्या मिनिटांच्या झटपट डावांत, ग्रँडमास्टरांनाही हरवते. तिच्याशी मी 4 डाव खेळलो. चारही गेले. पुढच्या महिन्यात 15 मिनिटांचे खेळून बघतो.

शेजारचे आप्पा, मूळ अमळनेरकडचे, रोज टोमणा मारतात, "कसाले खेळस रे भो त्या मशीनसंगे, ते काय मानूस शे का?" रविवारी त्यांनाच फोन देऊन बसवलं. आप्पांचं सगळं आयुष्य देशी पद्धतीत गेलेलं, प्यादं एकच घर चालतं. इंजिनानं पहिल्याच चालीला ई4, प्यादं दोन घरं पुढे. आप्पांनी फोन पालथा घातला.

"हाई त लबाड शे."