तुम्ही विचारलंत म्हणून : अंटार्क्टिका सोडून त्या बेटाचंच काय एवढं?

"अंटार्क्टिकाला जाऊन आलात आणि बोलता मात्र भलत्याच बेटाबद्दल!" लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेलं असताना, कुठंही हे मला ऐकावं लागतं. बोलणाऱ्याच्या मनात खरा प्रश्न हिशेबाचा असतो. अर्जेंटिनातल्या उश्वायाहून जहाजात बसलं की दहा-अकरा दिवसांत अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाला पाय लावून परत येता येतं. सातवा खंड पदरात पडतो. मग जवळजवळ दुप्पट दिवस आणि दुप्पट पैसे घालून दक्षिण अटलांटिक समुद्रातल्या फॉकलंड, साउथ जॉर्जिया या बेटांचा वळसा घ्यायचा कशासाठी?

प्राण्यांसाठी. ते साउथ जॉर्जिया बेटावर आहेत, खंडावर बर्फ आहे. बर्फाला मी नावं ठेवत नाही. निळ्या हिमनगांमधून रबरी बोटीतून फिरताना माझीही वाचा बसली होती. पण आयुष्यात एकदाच एवढी पुंजी मोडणार असाल आणि तुम्हाला जिवंत काही बघायचं असेल, तर साउथ जॉर्जिया आधी, खंड मागून. आमचं जहाज दोन्हीकडे गेलं, म्हणून हे ऐकीव सांगत नाही.

हे असं का, ते नकाशावर लगेच कळतं. उश्वाया आणि साउथ जॉर्जिया साधारण एकाच अक्षांशावर आहेत, ५४-५५ दक्षिण. उश्वायात जंगल आहे, टॅक्सी आहेत, चॉकलेटची दुकानं आहेत. साउथ जॉर्जियाचा मात्र अर्ध्याहून जास्त भाग बर्फाखाली आणि झाड औषधालाही नाही. कारण मध्ये समुद्र बदलतो. अंटार्क्टिकाचं थंड पाणी उत्तरेच्या त्यामानानं उबदार पाण्याला जिथं भिडतं आणि त्याच्याखाली शिरतं, तिथं अख्ख्या खंडाभोवती एक सीमारेषाच तयार झालेली आहे. फॉकलंडहून निघाल्यावर ती ओलांडली तेव्हा जहाजातल्या पडद्यावर पाण्याचं तापमान भराभर उतरलं आणि बाहेर धुकं दाटलं. साउथ जॉर्जिया या रेषेच्या आत येतं. प्रवाहाबरोबर दक्षिणेकडून क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, थव्याथव्यानं तिथं येतात. आणि खंडालगतचा समुद्र हिवाळ्यात गोठतो तसा या बेटाभोवतीचा गोठत नाही. म्हणजे बाराही महिने पोटापाण्याची सोय. सील असो की पेंग्विन, समुद्रात कितीही हिंडले तरी पिल्लांसाठी त्यांना जमीन लागतेच, आणि शेकडो मैलांत जमीन म्हणाल तर हीच, जेमतेम १७० किलोमीटर लांबीची. मग गर्दी होणार नाही तर काय!

सेंट अँड्र्यूज बे या किनाऱ्यावर किंग पेंग्विनच्या दीड लाखाच्या आसपास जोड्या वीण करतात. हा आकडा जहाजावरच्या भाषणात ऐकला तेव्हा काही वाटलं नव्हतं. किनाऱ्याला लागायच्या आधी वास येतो, मग आवाज. मोठ्यांचा पिपाणीसारखा आणि पिल्लांचा शिट्टीसारखा. किंग पेंग्विन घरटं बांधत नाहीत. अंडं पायांवर घेऊन पोटाच्या घडीखाली झाकतात. त्यामुळे समुद्रातून परतलेल्या आईला किंवा बापाला पिल्लू शोधायला पत्ता नसतो, फक्त आवाज. माझ्यासमोर एक मोठा पक्षी पाण्यातून आला, मान वर ताणून ओरडला आणि थांबला. तपकिरी लोकरीतली दोन-तीन पिल्लं धावत आली. एकानं थेट चोचीला चोच लावायला सुरुवात केली, त्याला फटका मिळाला. दुसऱ्यालाही मिळाला. पक्षी चालायला लागला, पुन्हा ओरडला. बऱ्याच वेळानं मागच्या घोळक्यातून एक पिल्लू शिट्टी घालत, धडपडत आलं. दोघांनी एकमेकांच्या तोंडावर ओरडून खात्री करून घेतली आणि मग मोठ्यानं मान वाकवून त्याच्या चोचीत घास ओतला. ती आधीची उपाशी पिल्लं बाजूला उभी राहून बघत होती. मला तेव्हा जहाजावर परत बोलावत होते आणि मी चक्क ऐकू न आल्यासारखं केलं.

या पिल्लाला मोठं व्हायला जवळजवळ वर्ष लागतं, म्हणून एका जोडीची वीण तीन वर्षांत फार तर दोनदा होते. त्याचा फायदा आपल्याला असा, की हंगामात कधीही जा, अंडं, लोकरीतलं पिल्लू, पिसं गाळत रुसल्यासारखे उभे असलेले मोठे, सगळं एकाच किनाऱ्यावर बघायला मिळतं. जुन्या खलाशांना ही तपकिरी पिल्लं म्हणजे पेंग्विनची वेगळीच जात वाटली होती. पिल्लू आईबापांएवढं दिसतं, त्यामुळे त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही.

एलिफंट सीलच्या पिल्लांची आणखी एक गंमत. आई त्यांना तीनेक आठवडे दूध पाजते आणि सरळ समुद्रात निघून जाते. मग शंभर किलोच्या वरचं ते गुबगुबीत पिल्लू किनाऱ्यावर एकटं लोळत पडतं आणि जो दिसेल त्याच्याकडे सरकतं. नियम असा, की आपण पाच मीटर लांब राहायचं. पिल्लांना तो कुणी सांगितलेला नसतो, त्यामुळे आपणच मागं मागं जायचं.

आता नियमांचं. घरचे हसतात, पण मला त्या प्रवासातलं सगळ्यात पटलेलं काम म्हणजे जहाजाच्या हॉलमध्ये बसून केलेली साफसफाई. बेटावर उतरायच्या आधी प्रत्येकानं जॅकेटचे खिसे व्हॅक्यूमनं साफ करायचे, बुटांच्या तळव्यांच्या खाचा टोकदार काडीनं कोरायच्या, वेलक्रोमध्ये अडकलेलं एकेक तूस चिमट्यानं काढायचं. ह्यांच्या जॅकेटच्या वेलक्रोमधून निघालं कुसळ! राजगडाचं असेल नाहीतर हरिश्चंद्रगडाचं. तपासणाऱ्या पोरीनं ते कागदावर ठेवून भिंगातून पाहिलं आणि सगळ्यांना दाखवलं. पुढं बेटाच्या सरकारचे अधिकारीही जहाजावर येऊन काही जणांचे बूट-कपडे तपासतात. किनाऱ्यावर खायचं काही न्यायचं नाही, पाणी तेवढं चालतं. चिवडा केबिनमध्ये.

एवढी कडक शिस्त कशासाठी, तर या बेटानं परकं फार भोगलंय. १७७५ साली कॅप्टन कुक इथं आला. त्याला वाटलं, दक्षिणेचा मोठा खंडच सापडला. वळसा घालून बघतो तर बेट. तिथल्या टोकाला त्यानं नाव दिलं केप डिसअपॉइंटमेंट. पण त्यानं सीलचं वर्णन लिहून ठेवलं आणि त्या वाटेनं शिकारी आले. त्यांनी कातड्यांसाठी फर सील जवळजवळ संपवले. त्यांच्या जहाजांतून उंदीर उतरले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाऊ लागले. साउथ जॉर्जिया पिपिट हा चिमणीएवढा पक्षी जगात फक्त इथंच असतो. तो कडेच्या छोट्या बेटांवर आणि उंदीर न पोचलेल्या थोड्या किनाऱ्यांवर उरला. २०११ ते २०१५ या काळात हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष पसरून उंदीर मारले. हे जमलं ते हिमनद्यांमुळे. त्यांनी किनाऱ्याचे तुकडे केलेले आहेत आणि उंदरांना त्या ओलांडता येत नाहीत, म्हणून एकेक तुकडा साफ करता आला. पण हिमनद्या मागं हटताहेत, आणखी उशीर झाला असता तर तुकडे जोडले गेले असते. नंतर वास घेणारे कुत्रे नेऊन शोध घेतला आणि मे २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. ग्रिटविकेन या बेटावरच्या जुन्या वस्तीजवळच्या गवतात आम्ही पिपिटचं गाणं ऐकलं. गाणं बेताचंच आहे, खरं सांगायचं तर. पण अंटार्क्टिकाच्या भागात गाणारा पक्षी हा एवढाच.

ग्रिटविकेनबद्दल लोक विचारत नाहीत, पण तिथं मी सगळ्यात जास्त वेळ काढला. १९०४ मध्ये कार्ल अँटोन लार्सन या नॉर्वेच्या माणसानं तिथं देवमाशांची तेलगिरणी काढली. गंजलेल्या टाक्या, भट्ट्या, साखळ्या अजून आहेत, आणि मध्येच एक पांढरं टुमदार चर्च. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत या बेटावर सुमारे पावणेदोन लाख देवमासे कापले गेले. अंटार्क्टिकाच्या मोहिमा काढणाऱ्या शॅकलटनची कबर तिथंच आहे. बरेच लोक ग्लास हातात घेऊन त्याच्याभोवती जमतात, अर्धी व्हिस्की कबरीवर आणि अर्धी घशात. माणूस मोठाच. १९१६ साली उघड्या होडीतून हा भयानक समुद्र पार करून आला आणि डोंगर चढून पलीकडच्या वस्तीत पोचला. तरी मला त्या टाक्यांपाशी उभं राहून जास्त कळलं. आता देवमासे परत दिसू लागलेत, ब्लू व्हेलसुद्धा. फर सील तर इतके झालेत की डिसेंबरात काही किनाऱ्यांवर उतरायला जागा देत नाहीत. नर अंगावर धावून येतात.

हे सगळं गोड गोड मात्र नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बर्ड फ्लू इथं पोचला. आधी स्कुआ पक्ष्यांत सापडला, मग एलिफंट सीलमध्येही शिरला आणि त्यांची फार हानी झाली. तेव्हापासून किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅगसुद्धा जमिनीवर ठेवायची नाही. माझ्या वयाच्या बाईला दगडगोट्यांवर तासन्‌तास नुसतं उभं राहणं काय असतं ते विचारू नका. जिममध्ये गेला नाहीत तरी निदान जिने चढत राहा, एवढं जाणाऱ्यांना सांगते.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं एका दमात देते. बोट लागते का? लागते. डॉक्टरांना विचारून मळमळायच्या आधी गोळी घ्या. मला पहिल्या रात्री लागली, ह्यांना शेवटपर्यंत नाही आणि ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकवलं. शाकाहारी जेवण मिळतं. भारताचं स्टेशन पाहिलं का? नाही, मैत्री आणि भारती खंडाच्या पार दुसऱ्या बाजूला आहेत, ही जहाजं तिकडं फिरकत नाहीत. आपली पहिली मोहीम मात्र डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती.

जहाज निवडताना केबिनला बाल्कनी आहे का ते बघू नका, प्रवासी किती ते बघा. एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसं उतरू शकतात. दोनशेचं जहाज असलं की निम्मे लोक पाळीची वाट बघत बसतात, आणि पाचशेच्या वर असलं तर अंटार्क्टिकात उतरायचं नावच नाही, काचेतून बघायचं. जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं.

आणि माझी भाची विचारते तो प्रश्न : एवढं इंधन जाळून तिथं जाणं बरोबर आहे का? कंपनीवाले सांगतात, तुम्ही परत जाऊन या जागेचे राजदूत व्हाल. मला ते काही पटत नाही. मी गेले कारण मला बघायचं होतं. बेटाला परवान्याचे पैसे मिळतात हे खरं, पण माझ्या जाण्यानं पेंग्विनचं भलं झालं असं मी भाचीला सांगणार नाही. तिचं म्हणणं, मग सांगत सुटू नकोस, आणखी लोक जातील. त्यावर आमचं अजून वाजतंय.

राहता राहिली पोलर बेअर. ती दक्षिणेला नसतात, एकही नाही. ती बघायची असतील तर नॉर्वेच्या स्वालबार्डला जा. तिथं २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जूनमध्ये ५०० मीटर लांब राहायचा नियम आहे, तेव्हा कॅमेऱ्यापेक्षा दुर्बिणीवर पैसे घाला.