शुस्टर-पान, नोंद ७: खाकी कागदावर शाई फुटायची थांबली!

मंडळी, जमलं! काल रात्री खाकी कागदावर टाकाने ओढलेली रेघ सकाळी तश्शीच होती. एकही मिशी फुटलेली नाही. उठल्याउठल्या आधी तेच पाहिलं.

सुपरमॅनचा चित्रकार ज्यो शुस्टर. त्याने १९३५मध्ये ‘न्यू फन’ या कॉमिक्स मासिकासाठी दोन चित्रकथा पाठवल्या, भुताखेतांचा माग काढणारा डॉक्टर ऑकल्ट आणि आँरी दुव्हाल. एक खाकी वेष्टनाच्या कागदावर, दुसरी वॉलपेपरच्या पाठीवर. तिथूनच मी खाकीवर ऑकल्टचं हे पान काढायला घेतलं. पण आपला खाकी फार भुसभुशीत, त्यात इंदूरचा श्रावण. खजुरी बाजारातून तीन प्रकार आणले. वह्यांच्या कव्हरचा चकचकीत तर घेऊच नका, त्यावर शाईचे मणी होतात. बिनचकाकीचा किलोवर मिळतो तोच बरा.

नुसतं तुरटीचं पाणी लावलं, फरक शून्य. शाई उघडी ठेवून दाट केली, तर निब तुंबली. मग आई म्हणाली, "अगं, सुती साडीला करतो तशी खळ करून बघ की." चमचाभर साबुदाणा दोन पेले पाण्यात शिजवला, गाळला, चिमूटभर तुरटी घातली. तंतूंमधल्या फटी खळीने भरल्या की शाईला पसरायला वाटच उरत नाही. पहिला कागद एकाच बाजूला लावल्याने पापडासारखा वळला. दोन्ही बाजूंना लावा, दोरीवर वाळवा, किंचित ओलसर असतानाच मागून कोमट इस्त्री फिरवा. तुरटीने कागद पुढे पिवळा पडतो म्हणतात. खाकीला त्याचं काय!

निब मात्र अजून तंतूत अडकते, म्हणून बाह्यरेषा दोन नंबरच्या ब्रशने. आणि ऑकल्टच्या गालावरचा सावलीचा फटका एका दमात आला, तेव्हा किती वेळ नुसती बघत बसले!

शुस्टर आईच्या ब्रेडच्या फळीवर चित्रं काढायचा, शब्बाथचा ब्रेड मळायच्या दिवशी फळी परत द्यायची. मी जेवणाचा पाट घेतलाय, सणावाराला तोही परत जातो.

आता ऑकल्टचं सहा चौकटींचं पान पुरं करणार होते, पण हे लिहिताना बेत बदलतोय. १९३३मध्ये शुस्टर आणि त्याचा लेखक जोडीदार जेरी सीगल यांनी रचलेला सुपरमॅन नाकारला गेला, तेव्हा शुस्टरने पानं जाळली. आगीतून बचावलं ते फक्त मुखपृष्ठ. त्या मुखपृष्ठावरून आत काय असेल ते एक पान कल्पनेने काढते. माझे शाई फुटलेले अकरा कागद मी जपून ठेवलेत, कच्चं रेखाटन त्यांच्याच पाठीवर.

साबुदाणा भिजत घातलाय.