आवडीची मोटारसायकल आणि रोजचा रस्ता

मोटारसायकल घ्यायची ठरली की बोलणे फार लवकर ‘मनाचे ऐकायचे की व्यवहाराचे’ या वादावर येऊन ठेपते, आणि मला हा वादच अनाठायी वाटतो. आवडीला मुरड घालून घेतलेली गाडी वर्षभरात नकोशी होते, आणि केवळ आवडीपोटी घेतलेली गाडी दारात झाकून उभी राहते. दोन्ही उदाहरणे बहुतेकांच्या पाहण्यात असतात. म्हणून गाडीतला नेमका कोणता गुण आपल्याला आवडतो हे आधी ओळखावे, आणि तो गुण आपल्या रोजच्या रस्त्यावर अनुभवायला मिळणार आहे का, हे मग तपासावे. किंमत, रंग, मायलेज हे सगळे त्यानंतरचे प्रश्न आहेत.

हे इंजिनच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आणि केटीएमच्या ३९० ड्यूकचे ३७३ सीसीचे मॉडेल या दोन्ही एका सिलिंडरच्या गाड्या आहेत आणि त्यांच्या इंजिनांच्या क्षमतेत, म्हणजे सीसीत, फारसा फरक नाही. तरीही पहिलीत पिस्टनचा व्यास ७२ मिलिमीटर आणि त्याची वरखाली होण्याची चाल ८५.८ मिलिमीटर आहे, तर दुसरीत व्यास ८९ आणि चाल अवघी ६० मिलिमीटर आहे. लांब चालीचे इंजिन कमी फेऱ्यांवरच जोर देते, आणि म्हणून क्लासिकचा २७ न्यूटन मीटरचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४,००० आरपीएमलाच (मिनिटाला ४,००० फेऱ्यांवरच) हाती येतो. आखूड चालीचे इंजिन वेगाने फिरू शकते. ड्यूकचा टॉर्क आकड्याने जास्त आहे, परंतु तो ७,००० आरपीएमच्या आसपास पूर्ण मिळतो आणि तिची खरी ताकद ९,००० च्या जवळपास प्रकट होते. ताकद म्हणजे टॉर्क आणि फेऱ्या यांचा गुणाकार असल्यामुळे माहितीपत्रकात दुसरी गाडी दुपटीने बलवान दिसते, आणि मोकळ्या रस्त्यावर ती तशी असतेही.

आता आपला रोजचा रस्ता आठवावा. सिग्नलमागून सिग्नल लागत असेल, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर जायला क्वचितच मिळत असेल, आणि इंजिन बहुतेक वेळ दोन ते चार हजार फेऱ्यांच्या दरम्यानच फिरत असेल, तर नऊ हजारांवरची ती झेप आपण विकत घेतलेली असते पण उपभोगत नाही. शिवाय गिअर सतत उतरवावे लागतात, हाफ क्लचवर गाडी रेटावी लागते आणि डाव्या हाताचे मनगट भरून येते. उलट, रोज लांब, मोकळ्या रस्त्याने जाणाऱ्याला संथ इंजिनची गाडी तासाभराने कंटाळवाणी वाटू लागते, कारण पुढच्या ट्रकला ओलांडताना हवा असलेला जोर तिच्यात शिल्लक नसतो. ज्याला इंजिनची चढती तान आवडते आणि रस्ता मात्र गर्दीचा आहे, त्याने क्षमता कमी करावी असे मी आग्रहाने सांगेन. दीडशे-दोनशे सीसीची, मनसोक्त फिरणारी हलकी गाडी त्याच रस्त्यावर वरच्या फेऱ्यांपर्यंत नेता येते, आणि तो आनंद रोज मिळतो.

यानंतर शरीराचा विचार करावा; तो बहुतेक जण सीटच्या उंचीच्या आकड्यावर आटोपतात. हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो, कारण पाय जमिनीला टेकणे हे सीटच्या रुंदीवरही तितकेच अवलंबून असते. पुढच्या बाजूला निमुळती असलेली ८२० मिलिमीटरची सीट मांड्या फाकवणाऱ्या ७९० च्या सीटपेक्षा सोयीची ठरू शकते. वजनाचेही तसेच आहे. दोनशे किलोच्या दोन गाड्यांपैकी जिचे वजन खाली साठवलेले आहे ती चालताना हलकी भासते. टाकी भरल्यावर जी वरून जड होते, ती संथ गतीने वळवताना खांद्यांना ताण देते. याची परीक्षा इंजिन बंद ठेवूनच होते. गाडीवर बसून, पायांनी रेटत, जराशा चढावर ती मागे घ्यावी. रोज जिथे गाडी लावायची ती जागा अरुंद असेल, तर ही कसरत दिवसातून दोनदा होणार आहे, आणि पावसात ओल्या फरशीवरही होणार आहे.

बसण्याची ढब हँडल, सीट आणि फुटरेस्ट या तीन बिंदूंवर ठरते. हँडल खाली आणि फुटरेस्ट मागे असलेल्या गाडीवर छाती पुढे झुकते; वेगात वाऱ्याचा दाब हा भार पेलतो, पण संथ वाहतुकीत तो सगळा तळहातांवर येतो. पाय लांब पुढे सोडून बसण्याच्या क्रूझरवर मनगटे सुखात असतात, मात्र खड्डा दिसल्यावर फुटरेस्टवर उभे राहून धक्का गुडघ्यांत जिरवण्याची सोय उरत नाही आणि तो थेट कण्यात जातो. ज्याचा रस्ता खराब आहे, त्याने पाय शरीराच्या खाली येतील अशीच गाडी पाहावी. इंजिनची उष्णताही विसरू नये: मोठे इंजिन थांबत-थांबत चालले की पंखा गरम हवा पिंढऱ्यांवर फेकतो, आणि शोरूमबाहेरच्या पाच मिनिटांच्या फेरीत हे कधीच कळत नाही.

एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा, याबाबत माझे मत ठाम आहे. बीएमडब्ल्यूने १९८८ साली के१०० वर ते आणले तेव्हा ते मोठ्या गाड्यांपुरते होते; आता लहान गाड्यांवरही मिळते. एकाच चाकाचे एबीएस असेल तर ते सहसा पुढच्या चाकाला असते, आणि मागचे चाक ओल्या रस्त्यावर घसरू शकते. दोन्ही चाकांना एबीएस मिळत असेल तर रंग आणि सजावट यांवरचा खर्च कमी करून ते घ्यावे. तारांच्या चाकांना बहुधा ट्यूब लागते, तर मिश्रधातूच्या चाकांत ट्यूबलेस टायर बसतो आणि पंक्चर रस्त्यातच काढता येते. चेनला नियमित साफसफाई व तेल लागते, हेही हिशेबात धरावे.

टेस्ट राइड शक्यतो आपल्याच रस्त्यासारख्या रस्त्यावर, रोजचे बूट आणि हेल्मेट घालून करावी. तिसऱ्या गिअरमध्ये वेग अगदी कमी करून हलकेच रेस द्यावी: इंजिन ठोके देते की गुमान ओढते, हे तिथे समजते. मग नेहमीच्या वेगावर काही मिनिटे स्थिर चालवून आरशात पाहावे. मागच्या गाडीचे चित्र थरथरून पुसट होत असेल, तर तोच थरकाप बोटांतही उतरणार आहे. मागे कुणी रोज बसणार असेल, तर त्या व्यक्तीला सोबत न्यावे आणि तिच्या मताला आपल्या मताइतकेच वजन द्यावे.

गाडी ताब्यात आल्यावर क्लच आणि ब्रेकच्या दांड्या आपल्या हाताच्या सरळ रेषेत येतील अशा वळवून घ्याव्यात. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, आपल्या वजनानुसार लावावा. आपण बसल्यावर सस्पेन्शनच्या एकूण चालीपैकी साधारण एक तृतीयांश दबली, तर मांडणी योग्य समजावी. ही कामे अर्ध्या तासाची आहेत, आणि सर्व्हिसिंगवाल्याला सांगितल्यास तो ती आनंदाने करून देतो.