आज्जीच्या पुतळ्या, व्हेनिसमध्ये

आज व्हेनिसमध्ये चालून चालून पायांचे तुकडे पडलेत. तरी म्युझियममधल्या एका काचेपुढून हलवेना. साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं नाणं. डावीकडे संत मार्क उभे, समोर गुडघे टेकलेला डोजे (इथला निवडून आलेला प्रमुख), मध्ये झेंड्याची काठी. अगं बाई, ही तर पुतळी!

व्यापारातून आपल्याकडे आलेल्या याच दुकाट नावाच्या नाण्याला लोक पुतळी म्हणायचे. १२८४ पासून १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडेपर्यंत नक्षी जवळपास तीच, डोजे बदलला की फक्त नाव बदलायचं. आज्जीच्या माळेतल्या अर्थात सोनाराने पाडलेल्या, अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या.

आईला फोटो पाठवला. लगेच रिप्लाय: "माळ कुणाच्या कपाटात गेली, ते विचार आधी."