किती वाजता उठलास?

जुलैतली गोष्ट. मी विमानाचा कॅप्टन. रोस्टरवर मुंबई-जयपूर-मुंबई-नागपूर, आणि नागपूरला मुक्काम. रिपोर्टिंग, म्हणजे ड्युटीवर हजर व्हायची वेळ, दुपारी अडीचची. जयपूरहून परतताना मुंबईवर असा पाऊस कोसळत होता की चाळीस मिनिटं घिरट्या घालूनही उतरता येईना. शेवटी अहमदाबादला गेलो, इंधन भरलं, परत जायच्या स्लॉटची, म्हणजे ठरवून मिळणाऱ्या वेळेची, वाट पाहत बसलो. मुंबईत चाकं टेकली तेव्हा रात्रीचे अकरा वीस झाले होते.

विमान स्टँडवर लागतंय तोच क्रू कंट्रोलचा, म्हणजे आमच्या ड्युट्या लावणाऱ्या विभागाचा, फोन. "सर, नागपूर कराल ना? दीड तासाचं एक्स्टेंशन लागेल."

आमची ड्युटी साडेबाराला संपत होती आणि नागपूरला पोचेपर्यंत दोन वाजणार होते. हवामान, डायव्हर्शन (दुसऱ्याच विमानतळावर उतरावं लागणं), बिघाड असं काही अचानक उद्भवलं तर ड्युटी ठरावीक मर्यादेपर्यंत वाढवण्याची सोय नियमात आहे. पण निर्णय कॅप्टनचा असतो, आणि तो त्यानं बाकीच्या क्रूला विचारून घ्यायचा असतो. सगळी मेख या विचारण्यात आहे.

शेजारी चोवीस वर्षांचा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक होता, सांगलीकडचा. प्रवासी विमानं उडवायला लागून त्याला सात महिने झाले होते. "दमलास का?" असं विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या वयाचा असताना मीही तेच म्हणायचो : "नाही सर, मी ठीक आहे." शिकायला घेतलेलं कर्ज, कमांडची, म्हणजे कॅप्टन होण्याची वाट, कॅप्टनचं आपल्याबद्दल होणारं मत, एवढं सगळं डोक्यावर असताना कोणता पोरगा "हो, दमलोय" म्हणेल?

म्हणून मी विचारलं, "आज किती वाजता उठलास?"

"साडेचारला, सर. रूममेटची सकाळची फ्लाईट होती. त्यानंतर झोप लागलीच नाही."

कागदावर त्याची ड्युटी अडीचला सुरू झाली होती, शरीराची मात्र पहाटे साडेचारला. नागपूरला उतरताना त्याला जागून साडेएकवीस तास झाले असते. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, हे 1997 सालीच प्रयोगानं दाखवून दिलं आहे. आपल्याकडे उड्डाणाआधी वैमानिकाची श्वासचाचणी होते, आणि यंत्रावर शून्यच यावं लागतं. ते योग्यच आहे. पण झोपेसाठी असं यंत्र नाही. तिथे माणसानं माणसाला विचारायचं, एवढाच उपाय.

मी कंट्रोलला नाही म्हणून कळवलं. पलीकडचा मुलगा सभ्य होता. "सर, एकशे ऐंशी पॅसेंजर गेटवर आहेत," एवढंच म्हणाला. ते त्याचं काम. मी गेटवर गेलो आणि माईक घेऊन सांगितलं, की आमची ड्युटीची वेळ संपते आहे, दुसरा क्रू येईपर्यंत थांबावं लागेल. एक आजोबा म्हणाले, "अहो साहेब, तासाभराचा तर प्रवास!" नातवाचं बारसं होतं सकाळी. त्यांना काय सांगणार? हात जोडले. स्टँडबाय क्रूला घेऊन ते विमान रात्री तीनच्या सुमाराला निघालं.

माझं हे 'नाही' एका जुन्या 'हो'मधून आलेलं आहे. 2016 साली अशाच एका रात्री मी एक्स्टेंशनला लगेच होकार दिला होता. उतरताना पाचशे फुटांवर मनात आलं, लँडिंग क्लिअरन्स, म्हणजे टॉवरची उतरायची परवानगी, मिळालं होतं का? शेजारच्याला विचारलं. त्यालाही आठवेना. टॉवरला पुन्हा विचारलं तेव्हा कळलं, ते मिळालं होतं, आणि ते टॉवरला परत म्हणून दाखवणारा आवाज माझाच होता. विमान व्यवस्थित उतरलं. घरी जाताना गाडी मात्र मी ऐरोली पुलाआधीच बाजूला घेतली आणि तिथेच तासभर झोपलो.

दुसऱ्या दिवशी हे बाबांना सांगितलं. बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते, इगतपुरीला. लहानपणी रात्री-अपरात्री कॉल बॉय वही घेऊन दार ठोठवायचा, बाबा कंदिलाजवळ सही करायचे आणि निघायचे. दिवसा ते झोपलेले असले की आई आम्हाला अंगणातसुद्धा खेळू द्यायची नाही. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "हो म्हणण्याआधी तुझ्या असिस्टंटला विचारलंस?" मी विचारलं नव्हतं.

विमान चालवणाऱ्या कुणालाही अशा वेळी मंगळूरचा अपघात आठवतो. 22 मे 2010, दुबईहून येणारं विमान, पहाटे सहाच्या सुमाराला. 166 पैकी 158 जण गेले. कॉकपिटमधल्या दोन तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिला दीड तासाहून जास्त वेळ कॅप्टन झोपेत होते. झोपेतून उठलेल्या मेंदूला भानावर यायला वेळ लागतो, आणि तो वेळ मिळाला नाही. मला सर्वात जास्त छळते ती दुसरी गोष्ट. फर्स्ट ऑफिसरनं गो-अराउंड करायला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायला, तीनदा सांगितलं होतं. ज्याला योग्य दिसत होतं, त्याचा आवाज पुरेसा ठरला नाही.

जानेवारी 2024 मध्ये डीजीसीएनं, म्हणजे देशाच्या विमान वाहतूक नियामकानं, वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम काढले. आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 वर गेली, रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरायची ठरली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. हे लागू व्हायला न्यायालयात जावं लागलं, आणि शेवटी ते जुलै आणि नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत आले. मग डिसेंबरमध्ये देशभर विमानं रद्द झाली. माझी मावशी पुण्याला नऊ तास अडकली. तिनं मला फोनवर विचारलं, "तुमच्या झोपेपायी एवढं?" मला वाईट वाटलं, राग नाही आला. तिच्यापर्यंत तेवढंच पोचलं होतं. मी सांगितलं, मावशी, नियम जवळजवळ दोन वर्षं आधी माहीत होता. माणसं तेव्हा वाढवायला हवी होती. रात्रीचे काही नियम नंतर तात्पुरते शिथिल झाले, त्याचं मला अजून दुःख आहे. झोप काही शिथिल होत नाही.

पण नियम कितीही चांगला झाला तरी तो रिपोर्टिंगपासून तास मोजतो. साडेचारला उठलेला मुलगा त्यात दिसत नाही. म्हणून आता मी ब्रीफिंगमध्ये हवामान आणि इंधनाच्या आधी हेच विचारतो, कधी झोपलास, कधी उठलास. केबिन क्रूलाही विचारतो. आणि एक्स्टेंशनचा फोन आला तर आधी सगळ्यात ज्युनिअरचं मत घेतो, माझं शेवटी सांगतो. कॅप्टन आधी बोलला की बाकीच्यांचं उत्तर ठरून जातं.

गेल्या आठवड्यात संध्याकाळची ड्युटी होती. सोबतची फर्स्ट ऑफिसर मुलगी मी काही विचारायच्या आत म्हणाली, "सर, आधी तुम्ही सांगा. किती वाजता उठलात?"

"साडेपाच. मुलीची सकाळची शाळा होती."

"मग आज एक्स्टेंशन आलं तर माझं उत्तर नाही आहे, सर," ती म्हणाली, आणि फ्लाईट प्लॅन उघडला.