कोर्टनाक्यावरचा शिक्का

नोटरीकाकांनी वाळलेल्या स्टॅम्पपॅडवर बाटलीतलं दोन थेंब पाणी टाकलं, बोटाने पसरवलं आणि मान वर न करता विचारलं, "लायडन? हे कुठं आलं?"

"नेदरलँड्समध्ये, काका. एलएलएमसाठी अर्ज करतेय. आंतरराष्ट्रीय कायदा."

"किती वर्षं?"

"एकच. साठ क्रेडिट्स."

शिक्का दाबता दाबता काका म्हणाले, "एका वर्षात? इथं एका वर्षात समन्स बजावून होत नाही."

मार्कशीटच्या सत्यप्रती घेऊन मी हसत निघाले. टीएमटीच्या बसमध्ये मात्र ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

रात्री अर्जासोबत द्यायचं मोटिव्हेशन लेटर उघडलं, म्हणजे मला हे का शिकायचंय ते सांगणारं पत्र. त्यात हेगचा पीस पॅलेस आहे, 1946 पासून तिथे बसणारं आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे, 'जागतिक न्यायव्यवस्था' तर तीनदा आहे. (तिसऱ्यांदा वाचताना मलाच जांभई आली.) ज्या कोर्टात तीन वर्षं काळा कोट घालून घामाघूम होत तारखा घेतल्या, ते ठाण्याचं कोर्ट कुठेच नाही. पुढची तारीख सांगितल्यावर "म्हणजे परत सुट्टी टाकायची का, ताई?" असं विचारणारे अशीलही नाहीत.

गंमत म्हणजे, हेगच्या न्यायालयाकडेही कोणाच्या दारात पाठवायला बेलिफ नाही. निकाल पाळला नाही, तर प्रकरण सुरक्षा परिषदेकडे न्यायचं, आणि तिथे नकाराधिकार बसलेलाच. काकांना हे सांगितलं असतं तर पॅडवर अजून दोन थेंब टाकून म्हणाले असते, "मग तिकडं जाऊन वेगळं काय शिकणार?"

पत्राचं पहिलं वाक्य खोडलंय. तिथे समन्सच घालू का?