मार्च ते जानेवारी: धुळ्याच्या उन्हातलं एक वर्ष

माझं धावण्याचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, मुंबई मॅरेथॉनला संपतं. फेब्रुवारी पायांच्या विश्रांतीचा. यंदाचं वर्ष संपलं, डायरी भरली, तेव्हा खान्देशातल्या धावणाऱ्यांसाठी त्यातलं कामाचं तेवढं लिहून ठेवतो.

सांगायचं मुख्य म्हणजे आपला उन्हाळा. आपल्याकडे होळी झाली की पळणारे निम्मे कमी होतात आणि थेट ऑगस्टमध्ये उगवतात. कारण उघड आहे, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३च्या पुढे जातो. पण ऑगस्टमध्ये शून्यापासून सुरुवात करून जानेवारीत ४२ किलोमीटर धावायचं म्हणजे सगळी बांधणी पाच महिन्यांत उरकायची. मी यंदा उन्हाळा सोडायचा नाही असं ठरवलं होतं. अट एकच, वेग बघायचा नाही. घड्याळात फक्त हार्ट रेट ठेवला. माझा मोजलेला कमाल १८२ आहे, म्हणून इझी रनला, म्हणजे निवांत धावताना, १४२च्या वर जायचं नाही. गेला की चालायचं, खाली आला की पुन्हा पळायचं.

मी शाळेत शिकवतो. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते, त्यामुळे पहाटे साडेचारलाच देवपुरातून निघावं लागायचं. एकविरा देवीच्या मंदिरावरून पांझरेच्या काठचा रस्ता धरायचा, मोठ्या पुलावरून पलीकडे आणि दुसऱ्या काठाने परत. मे महिन्यात त्या वेळीही २६-२७ अंश असतात. हवा इतकी कोरडी की घाम आला हे कळतच नाही, तो अंगावरच उडून जातो. घरी येऊन टोपी दोरीवर टाकली की तासाभराने तिच्या काठाला मिठाची पांढरी रेघ दिसते. ती रेघ बघितल्यावर नुसतं पाणी पिऊन भागणार नाही हे वेगळं सांगायला लागत नाही.

मे महिन्यात मी घाम मोजला. ही चाचणी प्रत्येकाने एकदा तरी करावीच, तिला खर्च शून्य आहे. पळायच्या आधी कपडे काढून वजन करायचं, तासभर पळायचं, अंग पुसून पुन्हा वजन करायचं. जेवढे किलो कमी, साधारण तेवढे लिटर घाम, त्यात वाटेत प्यायलेलं पाणी मिळवायचं. माझं वजन १.१ किलोने उतरलं होतं आणि मी ३०० मिली प्यायलो होतो. म्हणजे तासाला १.४ लिटर. हीच चाचणी डिसेंबरात केली तर जेमतेम अर्धा लिटर भरला. आता सांगा, ‘दर तासाला अमुक इतकं पाणी प्या’ असा एकच आकडा दोन्ही ऋतूंना कसा चालेल? मिठाचंही तेच. मी एक लिटर पाण्यात दोन लिंबं, गुळाचा मोठा खडा आणि पाव चमचा मीठ घालतो. त्यात साधारण दीड ग्रॅम मीठ, म्हणजे सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जातं. मला ते पुरतं. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच मिठाचं ठरवावं.

उन्हात हार्ट रेट का चढतो हे समजलं की मन शांत राहतं. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे जातं, घामामुळे रक्तातलं पाणीही कमी होतं, म्हणून त्याच वेगाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. शरीर दहा-पंधरा दिवसांत हे शिकतं. रक्तातल्या पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. मात्र हे शिकलेलं टिकवावं लागतं. दोन-तीन आठवडे सोडलं की ते बरंचसं ओसरतं. म्हणून मी आठवड्याला तीस-पस्तीस किलोमीटर एवढंच ठेवलं, पण ते मोडू दिलं नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दिवशीसुद्धा खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरसाच्या आधी पहाटे सहा किलोमीटर झाले. नदीकाठी रोज भेटणारे एक बाबा त्या दिवशी थांबवून म्हणाले, “इतलं पयीसन काय भेटस भाऊ तुले?” मी म्हटलं, “बाबा, जानेवारीमा सांगसू.”

एकाच आठ किलोमीटरच्या फेरीवर, १४० ठोक्यांना माझा वेग काय होता, ते डायरीतून देतो. मार्चमध्ये किलोमीटरला ६:५०, म्हणजे ६ मिनिटं ५० सेकंद. मेमध्ये ७:२५. जूनचे पहिले पंधरा दिवस त्याहून वाईट, कारण पावसाआधीची दमट हवा घाम सुकूच देत नाही. ऑगस्टमध्ये ७:००. नोव्हेंबरात ६:३० आणि डिसेंबरात ६:२५. मेमधला तो ७:२५ बघून कोणालाही वाटेल की आपण मागे चाललोय. तेव्हाचं तेवढंच पान बघितलं असतं तर मलाही तसंच वाटलं असतं. पण ठोके तेच होते, मेहनत तीच होती, फक्त हवा वेगळी होती. ही फेरी वर्षभर बदलू नका, रस्ता तोच, ठोके तेच. स्वतःची प्रगती तपासायला याच्याइतकं प्रामाणिक माप मला अजून सापडलेलं नाही.

पावसाळ्यात चढाचा सराव. सप्टेंबरच्या तोंडावर साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन करायची होती आणि धुळं तसं सपाट. मग लळिंग. महामार्गाच्या घाटात ट्रकांच्या रांगेत पळणं मला मान्य नाही, कोणी पळूही नये. लळिंगच्या कुरणातून लांडोर बंगल्याकडे चढणारा रस्ता आहे, तो पकडला. चढ तीन-चार मिनिटं नेटाने पळायचा, चालत खाली यायचं, पुन्हा वर. पावसात तिथे सगळं हिरवं होतं, धबधबा सुरू होतो, सकाळी सातपर्यंत माणूस दिसत नाही. ३१ जुलै मात्र सोडावा लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९३७ सालच्या भेटीची आठवण म्हणून त्या दिवशी बंगल्यावर दूरदूरहून लोक येतात. त्या दिवशी मीही घरच्यांना घेऊन गेलो, बूट न घालता.

श्रावणात रविवारचा लाँग रन आणि कानबाई देवीचा सण एकाच दिवशी आले. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई बसते, रोट होतात, भाऊबंद जमतात. त्या आठवड्याचा लाँग रन शनिवारी उरकला. पुढचे काही दिवस जेवणात रोटच होते, आणि गहू-हरभऱ्याच्या त्या रोटांवर पाय उत्तम चालले.

याच काळात डाव्या टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस, सकाळी उठल्यावर ताठ व्हायला लागली. पहिली वीस पावलं लंगडत, मग ठीक. चढाच्या सरावात ती जास्त ताणली जाते. फिजिओथेरपिस्टनी टाच उतरवण्याचा व्यायाम दिला. तो १९९८ साली स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी मांडलेला आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या एकाच पायावर टाच सावकाश पायरीच्या खाली उतरवायची. पंधरा-पंधराचे तीन संच, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. मी मधल्या सुट्टीत शाळेच्या जिन्यावर करायचो. आठवीची पोरं आधी बघत राहिली, मग त्यातली चार-पाच शेजारी उभी राहून करायला लागली. सुरुवातीला किंचित दुखतं, तेवढं चालतं. ऑक्टोबर संपेपर्यंत सकाळचा ताठरपणा गेला. हा व्यायाम मी अजून आठवड्यातून तीनदा करतो, सोडणार नाही.

सातारा. शहरातला सुरुवातीचा भाग संपला की यवतेश्वरचा घाट लागतो. अर्ध्या अंतरापर्यंत चढच चढ, मग वळण, आणि आलेल्याच रस्त्याने खाली. बारीक पाऊस, ढग रस्त्यावर उतरलेले, वाटेत ढोल-ताशे. लळिंगच्या चढाने घाट सोपा गेला. उतार जड गेला. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणलेल्या अवस्थेतच जोर लावतो, त्यामुळे तो आतून जास्त दुखावतो. लळिंगला मी उतार चालत यायचो, म्हणून मांड्यांना त्याची सवय नव्हती. २ तास १३ मिनिटं लागली. त्या घाटात हे माझं सगळ्यात चांगलं धावणं. पुढचे तीन दिवस शाळेचा जिना मी कठडा धरून उतरलो. शाळेत पोरांना साताऱ्याचं सांगताना माणच्या ललिता बाबरचं सांगितलं, २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आलेली. दोन मुली दुसऱ्या दिवशी मैदानावर आल्या. त्या अजून येतात.

दिवाळीनंतरचे दोन महिने म्हणजे आपल्याकडची खरी दौलत. पहाटे पारा १०च्या खाली, हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. मुंबईच्या मंडळींना असं हवामान मिळत नाही. यात मी आठवडा पंचावन्नच्या आसपास नेला. मंगळवारी पोलिस मैदानावर ८०० मीटरचे इंटर्व्हल (जोरात पळायचं, मध्ये विसावा, पुन्हा जोरात), गुरुवारी टेम्पो रन (नेटाच्या, एकसारख्या वेगाने), रविवारी लाँग रन. सगळ्यात आवडता रस्ता नगाव, देवभाने ओलांडून सोनगीरचा, वीसेक किलोमीटर. सर्व्हिस रोड असेल तिथे तोच, नसेल तिथे समोरून येणारी वाहनं दिसतील अशी बाजू, अंगावर चमकणारं जाकीट. कापसाने भरलेले ट्रॅक्टर, शेतात कमरेएवढी दादर ज्वारी, आणि उजाडताना समोर सोनगीरचा किल्ला. स्टँडवर चहा पिऊन एसटीने परत. तीस-बत्तीस किलोमीटर करायचे तेव्हा सोनगीरहून मागे फिरून देवभान्याच्या पुढेपर्यंत पळत यायचो आणि तिथे आप्पा मोटरसायकल घेऊन उभे असायचे. आप्पांनी स्वतः पासष्टीनंतर पळणं सुरू केलं. रविवारची त्यांची झोप ते माझ्या बाटल्यांसाठी मोडत होते, त्यांचे उपकार कसे फेडू?

लाँग रनला खाण्याचाही सराव केला. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं असा सर्वसाधारण हिशेब आहे. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, तीन-चार खजुरांत साधारण तेवढीच. जेलही वापरून बघितलं, पण पोटाला केळं आणि खजूर मानवले. रावेर-सावद्याचं केळं हाताशी असताना मला दुसरं काही शोधावंसं वाटलं नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला पांझरेकाठी एकट्यानेच हाफ मॅरेथॉनच्या अंतराची टाइम ट्रायल केली. १ तास ५६ मिनिटं. किलोमीटरला ५:३०. उन्हाळ्यातल्या त्या ७:२५च्या पहाटांचं फळ मला तिथे मिळालं.

मुंबई. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला बीकेसीतल्या एक्स्पोला स्वतः जावं लागतं, म्हणून शुक्रवारीच निघालो. रविवारी पहाटे सीएसएमटी. आमच्या थंडीतून गेलेल्या माणसाला मुंबईची जानेवारीची पहाटसुद्धा उबदार आणि चिकट लागते. घाम येतो पण उडत नाही, म्हणून ठोके वेगापेक्षा आधी चढतात. मी पहिल्यापासून ६:०५ने गेलो, वरळीच्या पुलावरच्या वाऱ्यातही त्याच्या पुढे गेलो नाही. तीस किलोमीटरपर्यंत तसंच टिकलं. मग सूर्य वर आला आणि वेग साडेसहाच्या आसपास उतरला. परतीचा पेडर रोडचा चढ पस्तिशीच्या पुढे येतो. माझ्या पुढे बहुतेक सगळे चालत होते. तिथे मी फक्त पायाखालचे चार फूट बघितले, हात जोरात हलवले, पावलं लहान केली, लळिंगला करायचो तसंच. एका आजींनी वाटीतून संत्र्याची फोड पुढे केली, ती घेतली. चढ संपला तेव्हा ठोके १७२ होते आणि मी पळत होतो. पहिली पूर्ण मॅरेथॉन ४ तास २१ मिनिटांत झाली.

पांझरेकाठच्या बाबांना मेडल नेऊन दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन वजन बघितलं आणि नातवाच्या गळ्यात घातलं. परत मागायला मन झालं नाही.

पुढच्या वर्षासाठी तीन बदल. उन्हाळ्याचा पाया तसाच, फक्त जूनच्या दमट पंधरवड्यात अंतर आणखी कमी. लळिंगला चढाइतकाच उताराचाही सराव, हळूहळू वाढवत. आणि मुंबईआधी डिसेंबरात दोन-तीन लाँग रन मुद्दाम सकाळी नऊनंतर, म्हणजे उन्हाची सवय जानेवारीपर्यंत थोडी तरी उरेल.

जुलैमध्ये तोरणमाळचा घाटही चढायचा विचार आहे. वरचं गाव हजार मीटरहून उंच आणि खाली शहाद्याकडचा सपाट प्रदेश, म्हणजे लांब चढासाठी खान्देशात याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. शहादा-नंदुरबारकडचे जे नियमित जातात त्यांनी कळवावं, पावसात घाटात दरडी कुठे येतात, पहाटे पाणी कुठे मिळतं, आणि पायथ्याला मोटरसायकल कोणाकडे ठेवता येईल.